इलेक्ट्रॉन परत येईना

रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर जिन्याच्या मागे एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. भिंती काळ्या, दाराला आतून जाड काळा पडदा, आणि छताला एकच मिणमिणता लाल दिवा. नवखा माणूस आत शिरला की हमखास कशाला तरी धडकायचा, पण तिथली बाई मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरात वावरावं तशी वावरायची. हयात गेली होती तिची तिथे. सगळा विभाग तिला पाठीमागे अंधारबाई म्हणायचा. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. एकदा नव्या कारकुनाने गडबडीत तोंडावरच "अंधारमॅडम, सही" म्हटलं, तेव्हा तिने मुकाट्याने सही केली, खाली कंसात 'अंधार' असं लिहिलं, आणि तो कारकून पुढे कितीतरी दिवस तिला टाळत राहिला.

मुळात ही रंगाऱ्याची मुलगी. वडिलांचं कपडे रंगवून द्यायचं दुकान होतं. दुकानाच्या काचेआड घडी घालून ठेवलेल्या कापडाचा रस्त्याकडचा काठ विटायचा आणि आतला भाग तसाच झगझगीत राहायचा. लहानपणी तिने विचारलं, रंग गेला कुठे? वडील म्हणाले, "उन्हाने खाल्ला." खाल्ला म्हणजे तो उन्हाच्या पोटात कुठेतरी असणार, असा सरळ हिशेब मांडून ही मुलगी रसायनशास्त्राकडे गेली ती तिकडचीच झाली. शिकून परत आली की दुकानासाठी पक्का रंग घेऊन येईल, अशी वडिलांची शेवटपर्यंत समजूत होती.

ती खोलीत काय करायची हे सांगायला सोपं आहे, करायला महाकठीण. झाडाचं पान उन्हात उभं असतं. ऊन पडलं की पानातल्या हिरव्या रंगातला एखादा इलेक्ट्रॉन ताडकन उठतो आणि शेजारच्या रेणूकडे जातो. तो त्याला पुढे ढकलतो, पुढचा आणखी पुढे. मागे फिरायचं त्याच्या मनात येईपर्यंत त्याला इतकं लांब नेऊन ठेवलेलं असतं की घरची वाटच सापडू नये. उन्हाची शक्ती साठते ती या लांब नेऊन ठेवण्यात. तिच्यावर झाड जगतं आणि झाडावर आपण. पान हे रोज करतं, फुकट करतं आणि कुठे बोलून दाखवत नाही. माणसाने प्रयोगशाळेत तेच करायचं म्हटलं की घोडं पेंड खातं. रंगीत रेणू बनवता येतो, त्याला शेजारी जोडून देता येतो, उजेड टाकला की इलेक्ट्रॉन शेजाऱ्याकडे जातोही. पण टेकतो न टेकतो तोच आल्या पावली परत. पापणी लवते त्याच्या लाखांश वेळात घरी हजर. बाईने आयुष्यभर नाना तऱ्हेचे रेणू बनवले, आणि प्रत्येकातला इलेक्ट्रॉन तितकाच घरकोंबडा निघाला.

घरी हा विषय जेवणाच्या टेबलावर रोजचा होता. नवरा बसच्या आगारात वेळापत्रकं लावायचा. त्याचं म्हणणं पडायचं, "अगं, परतीची गाडी आहे म्हणून तो येतो. परतीची गाडीच रद्द कर की."

"रद्द करायला ती माझी आहे का? ती आपोआप सुटते."

"मग तुमच्या खात्यात काही शिस्तच नाही," असं म्हणून तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

सासूबाईंना इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्याच्या वागण्याची मात्र खडान्‌खडा माहिती होती. संध्याकाळी सून दारात आली की चपला काढायच्या आत विचारायच्या, "काय गं, राहिला का आज तुझा तो?"

"नाही हो, आई."

"संसारी दिसतोय. असू दे. भटक्या असता तर तू त्याच्याही नावाने रडली असतीस."

अशी वर्षं हसत-खेळत चालली होती. मग एक दिवस विभागप्रमुखांनी बाईला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त आलेख लागायचा. आलेख वर जाणारा असला की ते खुलायचे, आडवा असला की चष्मा काढून पुसत बसायचे. त्या दिवशी त्यांनी आधीपासूनच चष्मा हातात धरला होता.

"बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे नवे प्राध्यापक आलेत. त्यांना तुमची खोली आणि लेझर हवाय. इतक्या वर्षांत तुमच्याकडून... म्हणजे काम तुम्ही खूप केलंत, पण हाती काही आलं नाही. सत्र संपलं की खोली त्यांना देतोय. तुम्ही पहिल्या वर्षाचे वर्ग घ्या. मुलांना तुम्ही आवडता."

"एक रेणू राहिलाय, सर."

"सत्र संपेपर्यंत घ्या करून. माझी काही हरकत नाही."

बाई हो म्हणून बाहेर आली. घरी तिने हे असं सांगितलं की जणू पंखा बदलणार आहेत. मग न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. तिला वर्ग घ्यायचं दुःख नव्हतं. त्या खोलीबाहेर आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं. किल्ली हातातून जाईल त्या दिवसाचा विचारही तिला नकोसा वाटायचा.

राहिलेला रेणू तिच्या विद्यार्थिनीच्या डोक्यातून निघाला होता. ही मुलगी प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करायची, म्हणून तिला पणताई म्हणत. पहिल्या भेटीत बाईने "बस" म्हटलं तर ती "पण मॅडम, खुर्ची ओली आहे" म्हणाली होती, आणि ती खरंच ओली होती. या रेणूचंही तसंच झालं.

"पण मॅडम, आपण रेणू द्रवात सोडतो. ते मोकाट हिंडतात, एकमेकांना धडकतात. शेजाऱ्याने धरलेला इलेक्ट्रॉन त्या धक्काबुक्कीत निसटणारच. त्यांना एका जागी बसवून टाकलं तर?"

बसवून टाकलं. पारदर्शक, चिकट, जेलीसारख्या पदार्थात रेणू मिसळायचे, दोन काचपट्ट्यांच्या मध्ये त्याचा पातळ थर द्यायचा आणि कडा पक्क्या बंद करायच्या, कारण हवेतला ऑक्सिजन असले इलेक्ट्रॉन पळवण्यात पटाईत असतो. पट्ट्या झाल्या बोटभर लांबीच्या, सुरेख पिवळ्या. दोघींनी त्या लेझरखाली धरल्या.

मोजण्याची रीत वर्षानुवर्षांची होती. लेझरचा ठोका पडायच्या आधी यंत्र रेणूकडे एकदा बघतं, ठोका पडल्यावर पुन्हा बघतं, आणि नंतरच्यातून आधीचं वजा करतं. उरेल तेवढी इलेक्ट्रॉनची हालचाल. ठोके सेकंदाला शेकड्यांनी पडतात आणि यंत्र त्या सगळ्यांची सरासरी काढून पडद्यावर रेघ काढतं. इलेक्ट्रॉन गेला की रेघ उसळते, परतला की खाली येते.

या वेळी रेघ आडवी. सपाट. ना उसळी, ना काही.

पट्टी बदलली, रेघ आडवी. लेझरचा रंग बदलला, जोर वाढवला, आरसे पुसून पुन्हा लावले. पणताईने नवा थर केला, त्याहून नवा केला. पालथ्या घड्यावर पाणी. आधीच्या रेणूंतला इलेक्ट्रॉन निदान उंबरठा ओलांडून यायचा. हा तर जागचा उठेना.

"आजारी आहे का तो?" सासूबाईंनी विचारलं. या वेळी त्यांनी थट्टा केली नव्हती, कारण सुनेचा चेहरा त्यांना दिसत होता.

"मेलाय, आई."

"असं भरल्या घरात बोलू नये," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पानात आणखी थोडं वाढलं.

सत्र संपत आलं. नव्या प्राध्यापकाची खोकी दाराबाहेर येऊन बसली. तरुण, भिडस्त माणूस. बाई समोरून आली की तो उगाचच जोड्याची नाडी बांधायला वाकायचा. बाई आवराआवरीला लागली. आता काचसामान स्वतः धुण्याची तिची जुनी खोड होती. काचेच्या पट्ट्या फेकून देणं म्हणजे तिला पाप वाटायचं. ती त्या धुऊन, पुसून पुन्हा वापरायची, आणि पणताईने "पण मॅडम, नव्या मिळतात" म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायची. तेव्हा तिने त्या सगळ्या कपाळकरंट्या पट्ट्या एका ताटलीत घेतल्या, चिमटा त्यांवर आडवा टाकला आणि धुवायला निघाली. मोरी होती व्हरांड्याच्या टोकाला, मोठ्या खिडकीखाली. दुपार टळत होती आणि तिथे लख्ख ऊन आलं होतं. तिने ताटली कठड्यावर ठेवली, बाह्या सरसावल्या, तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"मी कशाला ठेवीन, आई? डोक्यावर बघा."

"डोक्यावर बघितलं."

"मग गळ्यात?"

पलीकडे चष्म्याची साखळी खुळखुळली. "बरं, ठेवते," असं म्हणून फोन बंद झाला.

बाई हसत मागे वळली आणि ताटलीकडे बघतच राहिली. पट्ट्या निळ्या झाल्या होत्या. हलक्या नाहीत, चांगल्या गडद निळ्या. तिने चिमटा उचलला. त्याच्याखाली दोन पायांचा अख्खा चिमटा पिवळाधमक उमटलेला होता.

इतक्या अनुभवी बाईच्या मनात पहिला विचार आला तो असा: गेलं, उन्हाने करपलं. असले रेणू नाजूक असतात, उन्हात नासतात, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हणजे मेलेला तो आता कुजलाही. नासलेला थर धुताना काच ओरखडते, म्हणून आधी भिजत घालाव्या लागतील असं मनात म्हणत तिने त्या सगळ्या पट्ट्या तशाच कोटाच्या खिशात कोंबल्या आणि ती चहा प्यायला गेली. चहा घेतला, कँटीनवाल्याशी त्याच्या मेव्हण्याच्या नोकरीबद्दल बोलली, सुट्टे पैसे काढायला खिशात हात घातला, आणि नाण्यांबरोबर एक पट्टी बाहेर आली.

पिवळी.

तिने दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या पिवळ्या. करपलेलं कधी परत कोवळं होतं का? बाई सुट्टे पैसे तिथेच विसरली आणि थेट उन्हात जाऊन उभी राहिली. तळहातावर पट्टी धरली. बघता बघता काठापासून निळाई चढत गेली. पिवळा म्हणजे इलेक्ट्रॉन घरी. निळा म्हणजे इलेक्ट्रॉन शेजाऱ्याकडे, हा निळा रंग तिने यंत्राच्या आकड्यांत आयुष्यभर ओळखला होता, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. ज्याला थांबवता थांबवता तिच्या नाकी नऊ आले होते, तो तिच्या तळहातावर खुशाल पाय पसरून बसला होता. तिला हुंदका आला आणि त्याच वेळी हसूही, आणि कँटीनवाला दारात येऊन विचारू लागला, "मॅडम, बरं आहे ना?"

मग रेघ आडवी का यायची? याचं उत्तर तिला जिन्याच्या चौथ्या की पाचव्या पायरीवर मिळालं. इलेक्ट्रॉन पहिल्या ठोक्यालाच गेला होता आणि परत आलाच नव्हता. दुसऱ्या ठोक्याआधी यंत्राने बघितलं, तर तो बाहेर. ठोक्यानंतर बघितलं, तर तो बाहेरच. बाहेरमधून बाहेर वजा केलं, की हाती शून्य. आधीचा द्रव लेझरसमोरून सतत वाहता असायचा, दर ठोक्याला ताजे रेणू पुढे यायचे. इथे रेणू बसलेले, लेझर एकाच ठिपक्यावर. तो सुईच्या टोकाएवढा ठिपका निळा पडलाही असेल, पण त्या लाल मिणमिणत्या उजेडात तो दिसायचा कुणाला? पाहुणा आलाय का हे दारातल्या चपला मोजून ठरवायचं. सकाळी मोजल्या, संध्याकाळी मोजल्या, फरक नाही, म्हणजे पाहुणा नाही. आणि पाहुणा आत महिनाभर ठाण मांडून बसलेला. इलेक्ट्रॉन परत येणारच, यावर या बाईचा इतका गाढ विश्वास बसला होता की तो आला नाही, ही शंकासुद्धा तिच्या मनाला शिवली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

तिने पणताईला शोधून काढलं आणि सगळं सांगितलं. पणताईने अर्थातच तोंड उघडलं.

"पण मॅडम, हे नासणंच असेल तर? अर्धं नासत असेल, अर्धं सुधारत असेल."

"शंका रास्त आहे. चल, बघू."

एक पट्टी दोघींनी उन्हात निळी केली, काळोखात पिवळी केली, पुन्हा निळी, पुन्हा पिवळी, असं कंटाळा येईपर्यंत केलं. पट्टी ताजीतवानी. मग खोलीत जाऊन यंत्राची ती वजाबाकी बंद केली, पट्टी पूर्ण पिवळी असताना नवा कोरा भाग समोर आणला आणि एकच ठोका मारला. रेघ उसळली आणि वरच राहिली. दोघी तिच्याकडे बघत बसल्या. कितीतरी वेळाने ती एखाद्या सुखवस्तू माणसासारखी हळूहळू खाली उतरू लागली.

"पण..." पणताई म्हणाली आणि थांबली. पुढे काही सुचलं नाही, हे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा घडलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांनी सवयीने हात पुढे केला. "आलेख?"

"आलेख नंतर. आधी तुमचा कंगवा द्या."

विभागप्रमुखांना मोजकेच केस उरले होते आणि त्यामुळेच कंगवा त्यांच्या खिशात कायम असायचा. त्यांनी जरा दबकतच तो दिला. बाईने पट्टी खिडकीत ठेवली, तिच्यावर कंगवा ठेवला आणि ती सत्र परीक्षांबद्दल इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग कंगवा उचलला. निळ्या पट्टीवर दात न्‌ दात पिवळा उमटला होता.

"जो निळा आहे तो गेलेला इलेक्ट्रॉन, सर. जिथे तुमच्या कंगव्याची सावली पडली, तिथला घरी राहिला."

विभागप्रमुखांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली, टेबलाच्या खणात ठेवली, खण बंद केला, पुन्हा उघडून पाहिलं. "अजून आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. "अजून आहे की हो." बाहेर त्यांची बैठक खोळंबली होती, शिपाई दोनदा डोकावून गेला. कंगव्याचे दात पुसट होऊन सगळी पट्टी पिवळी होईपर्यंत साहेब खणापाशीच बसून होते. मग त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"बाई, खोलीचं मी बघतो. नव्या प्राध्यापकांना दुसरीकडे जागा देऊ. तुम्ही हलू नका."

या एका वाक्यासाठी बाईचा जीव इतके दिवस टांगणीला लागला होता. आता ते कानावर पडलं आणि तिला आपल्याच मनाचं नवल वाटलं. तिला ती खोली नको होती.

"नको, सर. ती त्यांनाच द्या."

"अहो, मी मनापासून सांगतोय."

"मीही मनापासूनच सांगतेय. तो कसा जातो हे बघायला लेझर लागेल कधीमधी, तेव्हा पणताई मागून घेईल त्यांच्याकडे. पण तो गेल्यावर त्याच्याकडून काम काय करून घ्यायचं, हे आता मला बघायचंय. त्याला ऊन लागतं. वरच्या मजल्यावर मोडक्या खुर्च्या टाकल्यात ना, ती खोली द्या मला. तिला तीन खिडक्या आहेत."

"छप्पर गळतं तिथलं."

"गळू दे. बादली ठेवीन."

घरी तिने सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे परतीची गाडी रद्द झाली एकदाची." सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तो केव्हाचाच निघून गेला होता, आणि तुम्ही दोघी दारात उभ्या राहून त्याला विचारत होतात, बाबा रे, जातोस कधी. धन्य आहे." आणि मग त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

खुर्च्या हलवायला आणि जाळी काढायला आठवडा गेला. पणताई "पण मॅडम, डोळ्यांवर ऊन येतंय" म्हणून टोपी घालून काम करू लागली. बाईने तिन्ही खिडक्यांच्या कठड्यांवर पट्ट्या मांडल्या. त्यांच्या निळ्या रंगातून इलेक्ट्रॉन काढून घेऊन पाण्याला देता येईल का, एवढाच विचार तिच्या डोक्यात घोळत होता. तिला जेवणाचीही आठवण राहत नव्हती.

अशाच एका सकाळी नवा प्राध्यापक वर आला. खोलीची किल्ली घ्यायची होती आणि बिचारा काय बोलायचं ते जिना चढताना घोकत आला होता. आपल्यामुळे बाईंची इतक्या वर्षांची जागा गेली, तेव्हा दोन शब्द नीट बोलले पाहिजेत, असं त्याच्या मनात होतं. तो खिडकीपाशी येऊन उभा राहिला आणि त्याने घसा साफ केला.

"मॅडम, मी किल्ली न्यायला... म्हणजे मला खरंच फार वाईट वाटतंय की..."

"तिथे टेबलावर आहे, घ्या," बाई म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. समोरची पट्टी नुकती कुठे निळी होऊ लागली होती. "आणि जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय."